आधी माझा घोट

लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीच्या झगमगीत दुकानांच्या मधोमध ताजुन्निसा अत्तारचं दुकान आहे. ते चिक्कीचं नाही, हे रोज सांगून सांगून तिचं तोंड दुखतं. मुंबईची माणसं गाडीतून उतरतात, थेट आत शिरतात आणि ज्येष्ठमधाच्या काड्यांकडे बोट दाखवून विचारतात, "ही कुठली चिक्की?" ताजू म्हणते, "खाऊन बघा, घसा तरी सुटेल." मग ते हसतात. ती हसत नाही.

दुकान काष्ठौषधींचं. हिरडा, बेहडा, वावडिंग, नागरमोथा, सुंठ, गुळवेल. नवरा गफूर गेल्यावर लोक म्हणाले, विकून टाक, चिक्कीवाले मागशील ते देतील. ताजूनं कुणाचं ऐकलं नाही. एकदा तिनं मनावर घेतलं की ब्रह्मदेव खाली उतरला तरी त्याला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवील, अशी ती बाई. मुळ्या-सालींतलं तिला कळतं, आणि आपल्याला कळतं हेही तिला पक्कं कळतं. तेवढंच जरा जास्त.

या दुकानाची एक रीत होती. ताजूच्या सासूनं घालून दिलेली. दुखणाइताला जे द्यायचं, त्याचा पहिला घोट आपला. त्याच भांड्यातलं, त्याच गाळणीतलं, आणि एकदाच चाखून मोकळं व्हायचं नाही. आजारी माणूस जोवर पितो, तोवर रोज आपणही एक कप प्यायचा. निम्म्या लोणावळ्याची रेचकं सासूबाईंनी अशी फुकट भोगली होती. गिऱ्हाइकाला यातलं काही सांगायचं नाही, सांगितलं की उपकार होतो, असं त्या म्हणायच्या. सासूचं बाकी काही ताजूला पटायचं नाही, पण ही रीत तिनं सोडली नाही.

आणि मग हिराचं दुखणं आलं.

हिरा म्हणजे ताजूची शाळेपासूनची मैत्रीण. हिराचे वडील लोणावळ्यात रेल्वेत होते, नगरपालिकेच्या शाळेत दोघी एका बाकावर. लग्न होऊन हिरा परंदवडीला गेली आणि तिची बोलीही तिकडची झाली, पण ईदचा शीरखुर्मा परंदवडीला गेल्यावाचून आणि बुद्धपौर्णिमेची खीर लोणावळ्यात आल्यावाचून एकही वर्ष गेलं नाही. अशा हिराच्या छातीत गाठ निघाली. पुण्याकडच्या हॉस्पिटलात केमो सुरू झाली. डॉक्टर बाई म्हणाल्या, आधी औषधानं गाठ लहान करू, मग ऑपरेशन. सलाइनमधून लाल रंगाचं औषध जायचं. डोक्यावरचे केस गेले, तोंडाची चव गेली, पण गाठ खरंच विरत चालली होती. हिरा फोनवर सांगायची, "ताजू, सुपारीयेवढी ऱ्हायलीय बग." ताजू इकडे दुकानात डोळे पुसायची आणि समोरच्या गिऱ्हाइकावर ओरडायची.

ताजूची मुलगी हुमेरा फार्मसीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. तिचा अभ्यासाचा विषयच असा, की केमोच्या औषधानं लिव्हर, किडनी, हृदय यांना जी इजा होते ती झाडपाल्यातल्या कुठल्या द्रव्यानं कमी होते का. तिनं घेतली होती गुळवेल. कॉलेजात तिचं भाषण होतं, तेव्हा ताजू नवी ओढणी घेऊन पहिल्या रांगेत जाऊन बसली. पडद्यावर उंदरांच्या लिव्हरचे तीन फोटो आले. पहिलं निरोगी, गुळगुळीत. दुसऱ्या उंदराला केमोचं औषध दिलेलं, त्याच्या लिव्हरवर चट्टेच चट्टे. तिसऱ्याला औषधाच्या जोडीनं गुळवेलीचा अर्क दिलेला, त्याचं लिव्हर जवळजवळ पहिल्यासारखं.

ताजूनं शेजारच्या बाईचा हात घट्ट धरला. "माझी मुलगी आहे ती," ती म्हणाली. पुढं हुमेरा बराच वेळ बोलली. हे फक्त उंदरांत दिसलंय, अर्क ओळख पटवलेल्या वेलीचा आणि मोजून दिलेला आहे, माणसाला कुठल्या औषधासोबत किती द्यायचा आणि द्यायचा की नाही, हे अजून कुणालाच ठाऊक नाही. हे सगळं ती नीट सांगत होती. पण तोवर ताजू शेजारणीला हुमेराचे दहावीचे मार्क सांगत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं पातेलं चढवलं. जानूआबा डोंगरातून गुळवेलीच्या जुड्या आणून देतो, त्यातली ताजी जुडी घेतली, ठेचली आणि उकळत ठेवली. एरवी ती गिऱ्हाइकाला पातळ काढा सांगते. पण हे गिऱ्हाईक नव्हतं, ही हिरा होती. पाणी आटत गेलं, काढा काळा पडला, तरी ताजू ढवळतच राहिली. माया उतू जात होती, दुसरं काय!

पोचवायची सोय घरचीच होती. हिराचा नवरा राजेंद्र कंपनीची बस चालवतो, पहाटे पहिल्या पाळीची माणसं घ्यायला लोणावळ्याला येतो. ताजू रस्त्याच्या कडेला थर्मास घेऊन उभी राहायची आणि खिडकीतून त्याच्या हातात द्यायची. "दाजी, सांडू नका. अर्धा सकाळी, अर्धा संध्याकाळी." थर्मास भरण्याआधी पहिला कप तिनं स्वतः घेतलेला असायचा. असा कडूजहर की डोळ्यांत पाणी यायचं. पण रीत म्हणजे रीत.

आणि एक गोष्ट तिनं हिराला फोनवर बजावून सांगितली. "तिथं डॉक्टरला काही बोलायचं नाही. आपल्या मुळ्यांना हसतात ती माणसं. तू मुकाट पी आणि बरी हो." हिरानं लहानपणापासून ताजूचं ऐकलं होतं. तिनं हेही ऐकलं.

पुढच्या केमोच्या आधी हिराचं रक्त तपासलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे राजेंद्र बस थांबवून खाली उतरला. एरवी तो खिडकीतूनच बोलायचा.

"ताजूआपा, लिव्हर सुजलंय म्हणं हिराचं. ह्या वक्ताला लाल औषध दिलंच न्हाई. पुन्हा रक्त बघनार हायेत. तवाबी असंच आलं, तर ते औषध कायमचं बंद. दुसरं देऊ म्हनल्या, पर ते गाठीवर येवढं लागू पडंल याची खात्री न्हाई."

"काविळीची तपासणी केली?"

"समदं केलं. कायबी न्हाई निघालं. लाल औषधच सोसंना, असं दिसतंय म्हनल्या."

बसमधली माणसं माना काढून बघत होती. राजेंद्रचा चेहरा उतरला होता.  ताजूनं थर्मास पुढं केला. "दाजी, काळजी करू नका," ती म्हणाली. "काढा कमी पडतोय. लिव्हर धरून ठेवायला तो द्यायचा, आणि मी हात आखडता घेतला. उद्यापासून जास्त देते."

आता याला काय म्हणायचं? घर जळतंय म्हणून बादल्या ओतायच्या आणि बादलीत पाणी आहे की रॉकेल हे बघायचंच नाही. त्या दिवसापासून पातेलं मोठं झालं, थर्मास मोठा झाला. रीतीप्रमाणे ताजूचा कपही मोठा झाला.

थोड्या दिवसांत ताजूला चहाचा वास नकोसा झाला. तिला, जी चहाशिवाय सकाळी कुणाशी धड बोलत नाही! जेवण समोर आलं की मळमळायचं, अंगाला खाज सुटायची, दुपारी दुकानातच डोळा लागायचा. तिनं आधी नव्या तेलाला नावं ठेवली, मग हवेला, मग वयाला. काढ्याला मात्र नाही. काढा तिनं स्वतः केला होता, तो कसा वाईट असेल?

एका दुपारी हुमेरा कॉलेजातून लवकर आली आणि थेट दुकानावर आली. ताजू पायरीवर उन्हात बसून वावडिंग निवडत होती. हुमेरानं जवळ येऊन तिची हनुवटी धरली आणि चेहरा उजेडाकडे वळवला.

"अम्मी, तुझे डोळे पिवळे झालेत."

"झोप नाही झाली."

"झोपेनं लाल होतात. तू काय घेतेस सध्या?"

"काही नाही. हिराचा काढा तेवढा. रीतीचा कप."

"कसला काढा?"

ताजूनं सांगितलं. अगदी अभिमानानं सांगितलं, तुझं भाषण ऐकूनच सुरू केला म्हणाली. हुमेरा पायरीवर बसली. ती रागावली नाही, हे वाईट लक्षण होतं. ही पोरगी रागावते तेव्हा सगळं ठीक असतं.

"आणि हिरामावशीचं लिव्हर सुजलंय," हुमेरा हळूच म्हणाली. "लाल औषधानं."

"तर. म्हणून तर—"

ताजूचं वाक्य तिथंच थांबलं. ती भोळी असेल, हट्टी असेल, पण मूर्ख नव्हती. हातातलं वावडिंग सुपात पडलं. लाल औषध हिराला दिलं होतं. तिला स्वतःला कुणी दिलं होतं?

कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये हुमेरानं तिचं रक्त द्यायला लावलं. संध्याकाळी रिपोर्ट आला. लिव्हरचे आकडे हिराच्या आकड्यांसारखेच चढलेले. हुमेरानं राजेंद्रकडून हिराचा रिपोर्ट मागवून दोन्ही मोबाइलवर शेजारी ठेवून दाखवले, आणि ताजू दुकानाच्या स्टुलावर बसून राहिली. ओढणी तोंडाला लावून ती रडली. आपण मैत्रिणीला रोज पहाटे उठून, रस्त्यावर उभं राहून, स्वतःच्या हातानं हे पाजलं, या विचारानं तिला इतकी लाज वाटली की बाहेर कुणी चिक्की मागायला आलं तरी तिला ओरडावंसं वाटलं नाही.

मग तिनं तोंड धुतलं आणि फोन लावला. "हिरे, थर्मासातलं तोंडाला लावू नकोस. एक थेंब नाही. पण ओतूनही टाकू नकोस, तसाच ठेव. पुन्हा रक्त बघणार ते कधी?"

"परवा. का गं?"

"मी येतेय."

"तू कशाला? डॉक्टर बाई लय कडक हायेत."

"मग बरंच आहे," ताजू म्हणाली. "मीही आहे."

त्या दिवशी डॉक्टर बाईंच्या खोलीत एका बाजूला हिरा आणि राजेंद्र बसले, दुसऱ्या बाजूला ताजू. हिराचा नवा रिपोर्ट टेबलावर होता आणि तो आधीपेक्षा वाईट होता. डॉक्टर बाईंनी तो वाचला, चष्मा काढला, आणि दर वेळी विचारतात तसं विचारलं, "बाहेरचं काही औषध घेता का?"

"न्हाई," हिरा म्हणाली. सवयीनं. आणि ताजूकडे बघितलंही नाही, तिचं नाव यायला नको म्हणून.

"घेते," ताजू म्हणाली. "मी देते."

तिनं पिशवीतून एकेक वस्तू काढून टेबलावर मांडली. परंदवडीहून आलेला थर्मास, गुळवेलीची जुडी, आणि शेवटी स्वतःचा रिपोर्ट. "हा काढा. ही वेल. आणि हे माझं रक्त. मला कॅन्सर नाही, तुमचं लाल औषध माझ्या अंगात गेलेलं नाही. तरी माझे आकडे बघा आणि हिचे बघा. आम्हा दोघींत सारखं एवढंच आहे." तिनं थर्मासवर बोट ठेवलं.

डॉक्टर बाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. "तुम्हाला काही आजार नव्हता, मग तुम्ही का घेत होतात?"

"दुखणाइताला द्यायचं ते आधी आपण प्यायचं. आमच्या दुकानाची रीत आहे."

डॉक्टर बाईंनी रिपोर्ट खाली ठेवला. मग डॉक्टर बाई बोलल्या, आणि चांगल्याच बोलल्या. त्या दर वेळी विचारतात ते गंमत म्हणून नाही, झाडपाला हेही औषधच असतं आणि तेही लिव्हरमधूनच जातं, रोज असे किती जण लपवतात आणि त्यापायी चांगली चाललेली केमो थांबते. ताजूनं सगळं मान वर ठेवून ऐकलं.

"चुकलात तुम्ही. दोघी."

"ही नाही चुकली. हिला मी गप्प बसायला सांगितलं होतं," ताजू म्हणाली. "माझं चुकलं, बाई. शंभर वेळा म्हणते. आता पुढचं सांगा. हिचं औषध वाचतं का?"

डॉक्टर बाई पहिल्यांदा थोड्या सैल झाल्या. "आज मी ते बंदच करणार होते. आता नाही करत. तुमचीही काविळीची तपासणी करू, म्हणजे दुसरं काही राहायला नको. काढा दोघींनी बंद. दोघींचे आकडे उतरले, तर दोष लाल औषधाचा नव्हता असं धरायला मला आधार मिळेल. तुमचं रक्त समोर नसतं, तर हे मला कळायला फार उशीर झाला असता."

बाहेर व्हरांड्यात राजेंद्र गाडी आणायला गेला आणि दोघी बाकावर बसल्या. हिरा बराच वेळ डोक्यावरचा रुमाल सारखा करत होती.

"तू पन पीत व्हतीस?" तिनं विचारलं.

"हो."

"रोज? त्ये कडूजहर?"

"तुला एकटीला कसं पाजू?"

हिरानं तिच्या दंडावर एक चापट मारली. बारीक झालेल्या हाताची, पण सणसणीत. "मरायचं व्हतं का तुला येडे? मी तिकडं नाक दाबून गिळायची आन् मनात म्हनायची, ताजू मजेत चा पीत असंल." मग ती रडली. ताजूही रडली, आणि दोघींनी एकाच रुमालाला नाक पुसलं.

हुमेरानं ती जुडी कॉलेजातल्या वनस्पतीच्या सरांना दाखवली. निम्म्या काड्या गुळवेलीच्या नव्हत्याच, दिसायला तशाच दुसऱ्या कुठल्या वेलीच्या होत्या. "जिभेला दोन्ही कडूच की," ताजू म्हणाली. तिचा आपल्या जिभेवर फार भरवसा होता. "जानूआबाला बघते आता."

"त्याला कशाला? सगळ्या काड्या गुळवेलीच्या असत्या तरी काय?" हुमेरा म्हणाली. "गुळवेलही सगळ्यांच्या लिव्हरला सोसत नाही. इतका घट्ट, केमोच्या जोडीला, तोही लपवून, कुणी द्यायला सांगितला होता? माझ्या उंदरांनाही मी तसा देत नाही."

ताजूनं जानूआबाचा विषय तिथंच सोडला. असं फार कमी वेळा होतं.

काविळीच्या तपासण्यांत काही निघालं नाही. दोघी आपापल्या गावी रक्त द्यायच्या आणि संध्याकाळी एकमेकींना आकडे सांगायच्या. आधी ताजूचे उतरले. सकाळी चहाचा वास आवडला तेव्हाच तिनं ओळखलं होतं. पण हिराचे उतरेनात, आणि ते दिवस ताजूनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. नमाजात तिच्या तोंडी दुसरं काही नसायचं. मग हिराचेही उतरू लागले, हळूहळू, आणि एका संध्याकाळी राजेंद्रचा फोन आला. "ताजूआपा, लाल औषध पुन्हा सुरू. सोमवारी."

मधल्या काळात दुकानात एक माणूस आला होता. बायकोची केमो चालू आहे, गुळवेल द्या म्हणाला. ताजूनं डबा उघडला नाही. "आधी तिच्या डॉक्टरला विचार. तो हो म्हणाला तर त्याचं नाव सांग, मी फोन करते. नाही म्हणाला तर मी बाजारात कुणालाही तुला देऊ द्यायची नाही." तो चिडून म्हणाला, औषधं विकायला बसलात ना? "बसले आहे," ताजू म्हणाली, "आणि नाही म्हणायलाही मीच बसले आहे." माणूस गेला. दोन दिवसांनी, डॉक्टरांनी नाही म्हटल्यावर, परत आला आणि नुसता बाकावर बसून बायकोबद्दल बोलत राहिला. ताजूनं त्याला चहा पाजला.

सोमवारी ती हिरासोबत हॉस्पिटलात गेली. सोबत तांदळाची पेज नेली होती, डॉक्टर बाईंना आधी फोन करून विचारलेली. हिरा पलंगावर टेकून बसली. नर्सनं सुई लावली, साधं सलाइन थोडं जाऊ दिलं, आणि मग ते लाल औषध आणलं.

ताजूनं ते पहिल्यांदाच पाहिलं. फोनवर ऐकणं वेगळं. इतकं लाल की तिच्या अंगावर काटा आला. आणि नर्स नळी जोडायला वळली तेव्हा ताजूचा हात, तिच्याही नकळत, बाही वर सरकवून पुढं झाला होता. वर्षानुवर्षांची सवय. दुखणाइताला जे द्यायचं, त्यातलं पहिलं आपलं.

नर्स थांबली. "मावशी, तुम्हाला काय झालं?"

हिराला कळलं. हिराला काही समजावून सांगावं लागलं नाही. तिनं मोकळ्या हातानं ताजूचा पुढं आलेला हात धरला आणि खाली घेतला.

"ह्यातला घोट तुला न्हाई मिळायचा, ताजू," ती म्हणाली. "ह्यो माझा एकलीचा हाय."

ताजूला भीती वाटली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती कुणाच्या तरी औषधासमोर नुसती बसली होती, आधी चव न घेता, आपल्याला काही झालं नाही म्हणजे तिलाही होणार नाही असं मनाला न सांगता. लाल थेंब नळीतून उतरला, हिराच्या हातापाशी पोचला आणि आत गेला.

"कसं वाटतंय?" तिनं विचारलं.

"थंड," हिरा म्हणाली. "पेज आन इकडं. आन् आदी तू खा, मला बगू दे."

ताजूनं डब्याचं झाकण काढलं आणि पहिला चमचा स्वतः खाल्ला. मीठ जरा कमी पडलं होतं.